सत्तावीस शब्द

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

मुंबईहून एक सल्लागार आले आहेत, कंपनीचं उत्पादन वाढवायला. दिवसभर प्रेस शॉपच्या, म्हणजे जिथे पत्रा साच्यात दाबून आकार देतात तिथल्या, नोटीस बोर्डाशेजारी स्टॉपवॉच घेऊन उभे. यंत्रांकडे पाठ, बोर्डाकडे तोंड. बोर्ड पळून जाणार असल्यासारखे.

चार वाजता आमच्या पर्सोनेल ऑफिसात येऊन गोडबोले साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडे वाचनाची गळती आहे."

"म्हणजे?"

"एक जण मोठ्याने वाचतो, बारा जण ऐकतात. तेरा माणसं, एकेक मिनिट. तेरा मिनिटं गेली. का? नोटीस लांब आहे म्हणून."

गोडबोलेंनी माझ्याकडे पाहिलं. नोटीस मी लिहिलेली. मोठ्याने वाचणारा माणूस म्हणजे माझे वडील, आबा. हे दोन्ही त्यांना माहीत आहे, सल्लागाराला नाही.

या गृहस्थांचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. इथून पुढे 'घड्याळ'.

नोटीस उतरवून ठेवते. उद्या असेल, नसेल.

'प्रेस चालू असताना साच्यात हात घालू नये. पत्रा चिमट्यानेच ठेवावा व चिमट्यानेच काढावा. चिमटा मोडला असल्यास काम थांबवून सुपरवायझरला सांगावे. काम थांबवल्याबद्दल कोणासही बोल लावला जाणार नाही.'

सत्तावीस शब्द. शेवटच्या वाक्यासाठी गोडबोलेंशी आठवडाभर भांडले होते. खाली त्यांची सही, शिक्का. बी.ए. झाल्याचं काही सार्थक असेल तर ते या सत्तावीस शब्दांत आहे. हसणाऱ्याने हसावं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला सुट्टी. दापोडीच्या घरात दिवसभर आबांचं तेल, आबांचे कपडे, आबांचं "कुसुम, हे वाच गं." वाचता येतं त्यांना. मी पहिलीत गेले तेव्हा तेही पाटी घेऊन शेजारी बसत. मी पुढे गेले, ते बोट ठेवून वाचण्यापाशी राहिले. आजही ओळीखाली बोट सरकतं, मागून आवाज.

अकरा वर्षं प्रेसवर, आणि दहाही बोटं शाबूत. आमच्या घरात पदवीधर मी एकटी असं आई सगळ्यांना सांगते. प्रेसवाल्यांत दहा बोटं हीसुद्धा पदवीच.

घड्याळाचं सांगितलं. आबा म्हणाले, "त्यो मोजतोय ते बरोबर हाय. पर एकानं वाचल्यालं बारा जणांस्नी कळलं, हे मोजायचं कुठलं घड्याळ हाय का त्येच्याकडं?"

हे मला चार वाजता तिथे सुचायला हवं होतं. मी मान खाली घालून टाचण्या वेचत होते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

हुकूम आला. यापुढे कोणतीही नोटीस बारा शब्दांच्या आत. सगळ्यात आधी गोडबोलेंनी माझं शेवटचं वाक्य काढलं.

"साहेब, तेच महत्त्वाचं आहे."

"म्हणूनच. बाकीचं विसरतील, तेवढंच लक्षात ठेवतील."

मूर्ख नाही हा माणूस. मूर्ख असता तर राग कमी आला असता.

जुनी नोटीस रद्द झाल्याचा कागद मात्र कोणी काढला नाही. रद्द करायला कारण लिहावं लागतं, कारण बारा शब्दांत बसत नाही. सही-शिक्क्याची प्रत माझ्या फायलीत आहे. असू दे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

बाराचे पाच झाले, पाचाचे तीन. 'हात घालू नये.' घड्याळ म्हणालं, 'नये' जुनाट वाटतं, कामगाराला जवळचं वाटलं पाहिजे. म्हणून आता 'हात नको'. दोन शब्द. मोठे साहेब इतके खूष की पेंटरला बोलावून पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. उरलेल्या पाट्या वाया जाऊ नयेत म्हणून कँटीनमध्येही लावल्या, हात धुवायच्या नळावर.

आज जेवणाच्या सुट्टीत नळापाशी हीऽ गर्दी.

"काय राव, हात नको म्हणतंय. मग काय पाय धुवू?"

"पायानंच जेव म्हणत्यात भावा. कंपनीचा माल वाचंल."

हसले सगळे. मलाही हसू आलं. मग लक्षात आलं की प्रेसवरचीच पाटी आहे ही. जिला इथे हसतात तिच्याकडे तिथे कोण गंभीरपणे बघणार?

२६ फेब्रुवारी, सोमवार

रजेचा अर्जही आता चित्रांचा. घड्याळाचं म्हणणं, 'कृपया, विनंती, आपला आज्ञाधारक' यात कागद जातो. छापील फॉर्मवर पाच चित्रं. खाट म्हणजे आजारपण. मांडव म्हणजे लग्न. तिरडी म्हणजे ते. बैलगाडी म्हणजे गावाकडचं काम. पाळणा म्हणजे बारसं. जे कारण असेल त्या चित्रावर फुली मारायची.

दुष्काळामुळे नगर, बीड, उस्मानाबादकडून आलेली नवी चाळीस माणसं भरती झाली आहेत. त्यांना फॉर्म शिकवायचं काम माझ्याकडे. टेबलावर उभी राहिले आणि फळ्यावर ही मोठी फुली काढली. "फुली म्हणजे काय?" त्यांनी एका सुरात: "पायजे!" दहा वेळा म्हणवून घेतलं. बीडचा मारुती म्हणून एक आहे, हाताला नांगराचे घट्टे. तो म्हणाला, "सोपं हाय ताई. मतदानालाबी फुलीच मारतो की आमी."

मला फार बरं वाटलं. शिकवल्यावर कळतं लोकांना.

२८ फेब्रुवारी, बुधवार

चौघांनी पाळण्यावर फुली मारली. चौघेही बिनलग्नाचे. गोडबोलेंनी चारही बारशी मंजूर केली. विचारलं तर एक लाजून म्हणाला, "गावची जत्रा हाय ना ताई. पाळण्यात बसायचंय."

जत्रेतला पाळणा! त्यांची काय चूक? पाळणा तर पाळणाच आहे. चूक ज्याने शब्द काढून घेतला त्याची.

संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना इ. स. दोन हजार डोळ्यांपुढे आलं. सगळ्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकही अक्षर नाही. कंपनीच्या फाटकावर एक दिवा: पेटला की आत, विझला की बाहेर. मोठ्या साहेबांचे नातू चित्रं बघून भाषण करताहेत. माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेच्या कपाटात, उलटं लावलेलं. खाली पाटी नाही, कारण लिहिणार कोण. लोक बघतात आणि म्हणतात, छान नक्षी आहे.

५ मार्च, सोमवार

प्रेसवर आता चित्रं. दोन. पहिल्यात साच्यात हात आणि त्यावर लाल फुली. दुसऱ्यात साच्यात चिमटा आणि कोपऱ्यात बरोबरची हिरवी खूण. पेंटर चांगला आहे, हाताच्या नखांवर चमकसुद्धा दिली आहे.

मी पाहिलं, 'ठीक' म्हटलं, फायलीला टाचणी लावली.

हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते. मी पाहिलं. 'ठीक' म्हटलं.

९ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातून आत्ताच परतले.

मारुतीला आज प्रेसवर घेतलं. चिमटा शेजारी ठेवलेला असताना त्याने पत्रा हाताने साच्यात सरकवला. शेजारच्या प्रेसवर आबा. त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं. करंगळीचं टोक सोलवटलं, बोट राहिलं.

दवाखान्यात मी गेले तेव्हा आबा त्याच्यावर ओरडत होते. "डोळं फुटलं व्हतं का? समोर चित्र हाय न्हवं?"

मारुती कळवळून म्हणाला, "चित्र बघूनच केलं की आबा! हातावर फुली हाय. ताईंनीच शिकवलं, फुली म्हंजी पायजे."

"आणि चिमट्यावरची हिरवी खूण?" मी विचारलं.

"ती? मला वाटलं पेंटरचा ब्रश निसटला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

दहा वेळा म्हणवून घेतलं होतं मी. 'पायजे, पायजे.' टेबलावर उभी राहून. इतके दिवस या वहीत दुसऱ्यांना शेलक्या शिव्या देते आहे, आणि मूर्खपणाची पहिली इयत्ता शिकवणारी बाई मीच.

१० मार्च, शनिवार

गोडबोले आणि घड्याळ दोघांना सगळं सांगितलं. चाळीस माणसं ते चित्र उलटं वाचताहेत, आजच्या आज उतरवा.

घड्याळ: "फुली म्हणजे नाही. जगात कुठेही."

"मग आपल्याच रजेच्या फॉर्मवर फुली म्हणजे हो कशी?"

गोडबोलेंनी विचार केला. खरंच केला, कपाळावर दिसत होता. मग म्हणाले, "मिस गायकवाड, तो फॉर्म वेगळ्या फायलीत आहे."

यावर कोणतं विद्यापीठ काय उत्तर देणार?

तोडगा निघाला: फुली मोठी करा. संध्याकाळपर्यंत पेंटरने केली. आता ती हातभर आहे, चित्राच्या बाहेर जाते. नवी पोरं बघून म्हणाली, साहेबांनी लईच जोर दिलाय.

घरी येताना आबांना म्हटलं, ही माणसंही अशी कशी, साधं कळत नाही. आबा तिथेच, रस्त्यात थांबले. "कोन अशी? त्येंना जे शिकवलं ते त्येंनी न चुकता केलं. कुठं चुकली ती?"



१४ मार्च, बुधवार

आबांनी स्वतःच्या डोक्याने मार्ग काढला. कोणाला विचारलं नाही, मलाही नाही.

सोमवारपासून पहिल्या पाळीत, प्रेस सुरू व्हायच्या आधी, आबा पुढे उभे राहतात आणि माझी नोटीस म्हणतात. सत्तावीसच्या सत्तावीस शब्द. तोंडपाठ. एकेक वाक्य ते म्हणतात, मागून शॉप म्हणतो. शाळेत पाढे म्हणतात तसं. आज मी दाराआड उभी राहून ऐकलं. 'बोल लावला जाणार नाही' ला सगळ्यांचा आवाज चढतो. मारुतीचा सगळ्यात जास्त, पट्टी बांधलेलं बोट वर करून.

म्हणून झाल्यावर कालच्या फुल्या पुसून एकेक जण मार्किंगचा खडू घेतो आणि चिमट्याच्या चित्रावर फुली मारतो. मतदान! आबांनी समजावलंय, हातावर साहेबाची एक फुली हाय, चिमट्यावर आपल्या चाळीस. ज्याच्या फुल्या जास्त, त्ये निवडून आलं.

मी म्हटलं, "आबा, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"त्येंना फुली कळती न्हवं? मग फुली हलवायची. अडाणी कोन हाय ते मागनं बघू."

तीन दिवस कोणी साच्यात हात घातलेला नाही. कार्यालयातले आम्ही सगळे शिकलेले मिळून जे करू शकलो नाही ते एका खडूने झालं.

१७ मार्च, शनिवार

आज मोठे साहेब फेरीवर आले. चित्रापाशी थांबले. चिमटा, आणि त्यावर चाळीस फुल्या.

"चिमटे बंद केले वाटतं?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

सुपरवायझर म्हणाला, "येस सर."

दुसरं काही येतच नाही त्याला.

"मग हे अजून इथे कसे?"

"काढतो सर."

तीन वाजेपर्यंत शॉपमधले सगळे चिमटे पोत्यात भरून स्टोअरमध्ये जमा झाले. शिकलेल्या चार माणसांच्या देखत. मी गोडबोलेंकडे धावले. ते म्हणाले, मोठे साहेब बोलले म्हणजे बोलले. उलट मलाच सांगितलं: लिहा, 'चिमटे जमा करा.'

"नाही लिहिणार."

"काय म्हणालात?"

"दोनच शब्द म्हणाले साहेब. नाही लिहिणार."

"हरकत नाही. चित्र काढून घेतो."

घरी आबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे धरून थोडा वेळ नुसते पाहिले. आई म्हणाली, सोमवारी जाऊ नका. ते म्हणाले, "मी न गेलो तर बाकीचे कुनाचं बघून थांबतील?"

१९ मार्च, सोमवार

थोडक्यात लिहिते.

सकाळी शॉपमध्ये नवं चित्र: चिमटा, वर ऑफिसची लाल फुली. नवी माणसं खूष. चिमटे मंजूर झाले! सगळी स्टोअरच्या खिडकीवर. "चिमटे द्या." स्टोअरकीपर म्हणतो, "बंद झालेत." "झालेत कसे? फुली बघा की!" "फुलीच दाखवतोय मी!" एकाच चित्रावर दोन्ही बाजूंनी बोटं. अर्धा तास. घड्याळ तिथेच होतं, पण मोजायचं विसरलं.

मग आबा शॉपमध्ये परत गेले आणि प्रेससमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "चिमटा मोडला असल्यास काम थांबवून सुपरवायझरला सांगावे. आमचा चिमटा मोडल्याला न्हाई, पर न्हाई तर न्हाई. मोडल्यावानीच झालं. तर सुपरवायझर साहेब, मी सांगतोय." आणि प्रेस बंद केली.

त्यांच्या मागून प्रत्येकाने. एकेक येऊन सुपरवायझरला सांगत होता, रांगेने, अगदी रीतसर. तो प्रत्येकाला "येस" म्हणत होता.

प्रेस शॉप इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. फाटकाबाहेरच्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते.

आबांना चार्जशीट. काम बंद पाडलं आणि कामाच्या वेळी वाचन केलं. चित्रात बसत नव्हतं म्हणून शब्दांत दिली. उद्या-परवा चौकशी. अकरा वर्षांची नोकरी.

२० मार्च, मंगळवार

सकाळीही प्रेस बंद. अकराला गोडबोलेंना मोठ्या साहेबांचा फोन. दुपारपर्यंत मशीनं सुरू पाहिजेत, कशीही. खुर्चीतून उठूनच बोलत होते, फोनवर.

मी फाईल पुढे ठेवली. सत्तावीस शब्द, त्यांची सही, शिक्का. "साहेब, ही रद्द झालेलीच नाही. आबा त्याप्रमाणेच वागले."

त्यांनी कागद घेतला. महिनाभरात लांब काही वाचलं नसावं. ओठ हलत होते. दुसऱ्या वाक्यावर अडखळले आणि मग त्यांनी काय करावं? ओळीखाली बोट ठेवलं. आबांसारखं. फरक एवढाच की आबांचं बोट पुढे सरकतं.

शेवटच्या वाक्याशी आले आणि चेहरा उजळला. हुशारी परत आली. म्हणाले, "चिमटे देऊन टाका. ही नोटीस लावा, म्हणजे मोठे साहेब खूष, ते लोक खूष. फक्त एवढं नको. हे राहिलं तर चौकशीत तुमचे वडील सुटतील." लाल पेन्सिल घेतली आणि शेवटच्या वाक्यावर फुली मारली. मोठी. दोनदा गिरवली.

"पुन्हा टाइप करून आणू?"

"वेळ नाही. असंच लावा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सांगायला हवं होतं का? फुली म्हणजे काय ते दहा दिवसांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा ती वेगळ्या फायलीत होती.

लावली. मीच चार टाचण्या टोचल्या. पोत्यातून चिमटे परत आले. आबा वाचायला पुढे, मागे सगळा शॉप. तीन वाक्यं झाली. चौथ्याशी येऊन थांबले. मारुतीने मागून मान उंचावली आणि ओरडला, "ओ! बगा बगा! 'बोल लावला जाणार नाही'वर साहेबाची फुली हाय! दोन डाव मारलीया!"

काय आरडाओरडा झाला! टोप्या उडाल्या. चौकशीला सगळे येणार म्हणतात, चाळीसच्या चाळीस साक्षी द्यायला, की साहेबांनी स्वतःच्या हाताने मंजूर केलंय.

प्रेस सुरू झाल्या. गोडबोले खिडकीत उभे, तेही खूष. आवाज ऐकून.

संध्याकाळी बसमध्ये आबा शेजारी. दोन्ही वाचता येतं त्यांना, ऑफिसचंही आणि शॉपचंही. मग म्हणाले, "तू सांगितलं न्हाईस."

"कोणाला, आबा? त्यांना की यांना?"

मांडीवर बोट सरकत होतं, ओळीखाली सरकतं तसं.

चौकशी उद्या दहाला. टिपणं घ्यायला मलाच बसायचं आहे. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे, दोन्ही बाजूंनी.